पावतीपुस्तक

हर्णैच्या लिलावात सुरमईचा भाव चढत असतो,
बैलगाड्या पाण्यात पोटापर्यंत शिरून
होड्यांमधली मासळी उतरवून घेत असतात,
तेव्हा मी मधेच जाऊन उभा राहतो, पावतीपुस्तक घेऊन.
‘घोडीच्या पेंढ्याला,’ म्हणतो.
बत्तीस वर्षं दापोली आगारात तिकिटं फाडली,
हात अजून तसाच चालतो:
नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात.

द्वारकी पावसे म्हणाली,
‘चालता येत नाय त्या पोरांना घोड्यावर बसवता?
कंडक्टर, उन्हानं डोकं फिरला काय तुमचा?’
कोळंबी निवडणारी अख्खी रांग हसली. मीही हसलो.
फिजिओवाल्या बाई सांगतात ते मला एवढंच कळलंय:
घोडी चालते तेव्हा वर बसलेल्याची कंबर
चालणाऱ्या माणसासारखीच हलते.
पाय वाळूला लागत नाहीत,
पण अंगाला चालणं कळतं.
द्वारकी म्हणाली, ‘अस्सं,’
आणि पापलेटाचा भाव पुकारला.

घोडीचं नाव साखरी.
खेडच्या वरातींत अकरा वर्षं तिनं नवरदेव वाहिले.
बँडला बुजत नाही, फटाक्यांना बुजत नाही,
कुणी छत्री उघडली की मात्र कान पाडते.
म्हातारी झाली म्हणून हुर्झुक मामूंना स्वस्तात मिळाली.
आता पाठीवर खोगीर नाही, जाड गोधडी,
वर धरायला कडीचा पट्टा.
आमचं वेळापत्रक आगारातून येत नाही.
सुकती लागून कर्द्याची वाळू टणक झाली
की मामू लगाम धरतात, दोन बाजूंना आम्ही दोघं,
एक हात पोराच्या मांडीवर, दुसरा पाठीमागं, न टेकवता.
सुरूच्या बनापासून ओढ्यापर्यंत, आणि परत.

प्रांजू गोरिवले, वय नऊ.
तिच्या आईला मी पहिल्याच दिवशी ओळखलं.
तिनं मला नाही.
सहा वर्षांपूर्वी, आंजर्ल्याच्या फाट्यावर,
कडेवर मूल, काखेत पिशवी, एक पाय पायरीवर,
आणि गाडी वीस मिनिटं लेट.
मी डबल बेल दिली.
पडली नाही ती. दांडा सापडला तिला, कोपर सोललं.
मूल रडलं नाही,
त्यानं वेगळाच कसलासा आवाज काढला,
आणि मी म्हणालो, ‘पुढं सरका, पुढं सरका.’
दापोलीपर्यंत ती उभी होती.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

परवा प्रांजूची मान सरळ राहिली, थेट ओढ्यापर्यंत.
ओढ्यापाशी साखरी थांबली, मामू थांबले.
निघायचं कधी, ते बसणाऱ्यानं सांगायचं, असा नियम आहे.
शब्द तिच्या ओठांशी येऊन मोडतात.
तिनं मूठ उचलली. केवढा वेळ लागला उचलायला!
एक लाट आली, आमच्या घोट्यांवरून गेली, परतली,
आणखी एक आली.
मग ती मूठ घोडीच्या मानेवर दोनदा आपटली.
टक. टक.
साखरी निघाली.
मी तिथंच उभा राहिलो असतो,
पण मामू ओरडले, ‘कंडक्टर, बाजू सोडू नका!’

या महिन्याचा हिशोब:
पेंढा अठ्ठावीसशे, नालबंद सहाशे,
भुश्याची उधारी वेगळी.
जमा एकोणीसशे चाळीस.
पावसाळ्यात किनारा बंद असला
तरी घोडीचं पोट बंद नसतं,
हे मी सगळ्यांना सांगतो, काहींना दोनदा.

काल द्वारकीनं शंभराची ओली नोट दिली.
‘पावती नको,’ म्हणाली. मी फाडलीच. सवय.
ती गेली नाही. टोपलीवरचा बर्फ उगाच सारखा करत राहिली.
‘माझी सासू अर्धांगानं पडलीय, दोन वर्सं झाली.
घोडी लय उंच हाय काय हो?’
मी म्हटलं, बाईंना विचारतो, वचन देत नाही.
तिला घेऊन ये मात्र.
मंगळवारी सुकती सव्वाचारला.
उशीर झाला तरी चालेल,
आमच्याकडं बेल नाही.